नृत्य आणि व्यायाम : अर्धशक्तीचा विचार

‘रोज व्यायाम करा’ हे वाक्य आपण वैद्यमंडळी दिवसातून किती वेळा उच्चारतो, याची गणती करणे कठीण आहे. स्थौल्य, प्रमेह, मलावष्टंभ, निद्रानाश अशा कितीतरी व्याधींच्या चिकित्सापत्राच्या शेवटी ही ओळ असतेच. औषधाची मात्रा, काल, अनुपान आपण काटेकोरपणे लिहितो. व्यायामाच्या बाबतीत मात्र यांपैकी काहीच लिहीत नाही. परिणामी रुग्ण औषध घेतो आणि व्यायाम विसरतो. नृत्याकडे व्यायाम म्हणून पाहावे, आणि व्यायामाकडे औषध म्हणून पाहावे, असे आम्हांस का वाटू लागले, ते या लेखात मांडावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या, कफप्रधान प्रकृतीच्या एक गृहिणी आमच्याकडे प्रमेहासाठी येत असत. चालण्याचा सल्ला आम्ही त्यांना सलग दोन वर्षे दिला आणि दोन वर्षे त्यांनी तो हसून टाळला. पुढे श्रावणात भाचीच्या मंगळागौरीला गेल्या असता मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या महिलांच्या एका गटाशी त्यांचा परिचय झाला आणि त्या त्या गटात सामील झाल्या. आठवड्यातून तीन दिवस सराव सुरू झाला. सहा महिन्यांनी त्यांचा घेर कमी झाला होता, जिना चढताना लागणारी धाप थांबली होती आणि औषध तेच असूनही उपाशीपोटीची साखर आटोक्यात आली होती. आम्ही कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, चालताना मला घरची सगळी कामं आठवायची. झिम्मा खेळताना काहीच आठवत नाही.”

या यशाने आम्ही उत्साहित झालो आणि त्याच वयाच्या दुसऱ्या एका रुग्णेला तोच सल्ला दिला. गुडघे तपासले नाहीत, पूर्वीच्या सवयीची चौकशी केली नाही. तिसऱ्याच दिवशी बसफुगडी घालताना त्यांचा गुडघा सुजला आणि तीन आठवडे त्या अंथरुणाला खिळल्या. दोष नृत्याचा नव्हता, आमचा होता. मात्रा न सांगता औषध दिले की जे होते तेच झाले.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या करताना शरीरास स्थैर्य व बल देणारी इष्ट चेष्टा, असा तिचा आशय सांगितला आहे आणि ती मात्रेने करावी, अशी पुस्ती जोडली आहे. ‘इष्ट’ या शब्दाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. जी चेष्टा मनाला नकोशी वाटते ती दीर्घकाळ टिकत नाही. नृत्यात गती, ताल व संगती एकत्र येत असल्याने ही इष्टता आपोआप साधते. लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, क्लेश सहन करण्याची शक्ती, दोषांचा क्षय आणि अग्नीची वृद्धी ही व्यायामाची फले त्याच प्रकरणात वर्णिली आहेत आणि नियमित नृत्य करणाऱ्या व्यक्तीत ती सर्व पाहावयास मिळतात.

मात्रेचे गमक सुश्रुताचार्यांनी दिले आहे. हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे श्वास तोंडाने घ्यावासा वाटू लागला, की अर्धे बल खर्च झाले असे समजावे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर येणारा घाम आणि तोंडाला पडणारी कोरड ही त्याची सोबतची लक्षणे होत. आधुनिक व्यायामशास्त्रातील एक साधी कसोटी याच्या बरीच जवळ जाते: बोलता येते पण गाता येत नाही, इतका श्रम मध्यम समजावा. नृत्याच्या वर्गात ही कसोटी वापरणे फार सोपे आहे, कारण गाणे तेथे चालूच असते.

नाट्यशास्त्रातही चारींच्या विवेचनात नर्तकाच्या सरावाचा विचार आला आहे. तैलाने वा यवागूने अंग मर्दन करून, भिंतीचा आधार घेऊन सराव करावा. नस्य व बस्ती यांचा उपयोग करावा. स्निग्ध आहार घ्यावा, असे भरतमुनी सांगतात. म्हणजेच नर्तकाच्या शरीराला वैद्याची गरज आहे, हे त्या शास्त्रानेही जाणले होते.

नृत्यप्रकार आणि त्यांचे कार्य

सर्व नृत्ये एकाच मापाने मोजता येत नाहीत. शरीराच्या कोणत्या भागावर कोणता भार पडतो, हे पाहूनच निवड करावी.

फुगडी व झिम्मा : फुगडीत दोघी हातांची तिढी घालून, पाय जवळ ठेवून, शरीराचा भार मागे टाकून फिरतात. हातांची पकड, पाठ, पोट आणि पिंडऱ्या यांना तीत उत्तम व्यायाम घडतो. तोल सांभाळण्याची शक्ती वाढते. भ्रम, मानेचे विकार अथवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास मात्र ती टाळावी. झिम्म्यात टाळी, वाकणे व गिरकी असल्याने तो सर्वांगाला पुरतो आणि वेग हवा तसा ठेवता येतो. बसफुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे फेकावे लागतात; चाळिशीनंतर अभ्यास नसताना ती कोणालाही सांगू नये.

लेझीम : आखाड्यांतून आणि शाळांतून रुजलेला हा प्रकार खांदे, दंड, पाठ व मांड्या यांना एकाच वेळी राबवितो. वाकणे, उठणे आणि पावली टाकणे यांमुळे श्वास लवकर वाढतो. कफप्रधान, स्थूल पण सांधे निरोगी असलेल्या तरुणांना तो विशेष हितकर होय.

कथक : तत्कारात पावलांचे तळवे जमिनीवर सपाट आपटले जातात, त्यात पायांत शंभर वा अधिक घुंगरांचे वजन असते. पिंडऱ्यांचे बल, श्वासाचा दम व एकाग्रता वाढते. टाचदुखी व तळव्यांचा दाह असणाऱ्यांनी कठीण फरशीवर हा सराव करू नये. चक्करदार अंगाचा अभ्यास अगदी हळूहळू वाढवावा.

भरतनाट्यम : अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेरच्या दिशेने वळवून घेतलेली अर्धबैठक, हा या नृत्याचा पाया. मांड्या व नितंबांचे स्नायू तीत चांगले बळावतात. परंतु गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत न राहिल्यास सांध्यावर तिरका ताण पडतो. चांगला गुरू हे पहिल्या दिवसापासून पाहतो. घरी चित्रफीत पाहून शिकणाऱ्याला हे कळत नाही.

लावणी : कटी, उदर व पावले यांची चपळ आणि नियंत्रित हालचाल हे लावणीचे वैशिष्ट्य. बैठ्या कामाने आखडलेल्या कटिप्रदेशास तिच्या संथ अंगाचा सराव उपयोगी पडतो. तीव्र कटिशूल वा गृध्रसी असताना ती वर्ज्य.

गरबा, झुंबा व पाश्चात्त्य युगुलनृत्ये : गरबा व झुंबा हे दीर्घकाळ चालणारे, हृदय व फुप्फुसांना काम देणारे प्रकार आहेत. वॉल्ट्झसारखे युगुलनृत्य तुलनेने सौम्य. विश्रांतीच्या स्थितीत शरीर जितकी ऊर्जा वापरते तिच्या सुमारे तिप्पट ऊर्जा संथ युगुलनृत्यास, सुमारे साडेपाचपट जलद युगुलनृत्यास आणि सातपटींहून थोडी अधिक एरोबिक नृत्यास लागते. एकाच ‘नृत्य’ या शब्दात एवढे अंतर सामावलेले आहे, हे ध्यानी घ्यावे.

आधुनिक अभ्यास काय सांगतात

2003 साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात 75 वर्षांवरील 469 व्यक्तींच्या दीर्घ निरीक्षणाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. शारीरिक छंदांपैकी केवळ नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी प्रमाणाशी आढळला. हे निरीक्षण आहे, कार्यकारणभावाची सिद्धता नव्हे. तरीही पावलांचा क्रम लक्षात ठेवणे, ताल सांभाळणे आणि सोबत्याशी जुळवून घेणे यांत बुद्धी, धृती व स्मृती तिन्ही राबतात, हे त्यामागील संभाव्य कारण आपल्या शास्त्राला सहज पटण्यासारखे आहे. 2008 साली इटलीतील अभ्यासात स्थिर अवस्थेतील हृदयदौर्बल्याच्या 130 रुग्णांपैकी काहींना वॉल्ट्झ, काहींना नेहमीचा एरोबिक व्यायाम आठ आठवडे देण्यात आला. दोन्ही गटांची कार्यक्षमता जवळपास सारखीच सुधारली. कंपवाताच्या रुग्णांत टँगो नृत्याने तोल सुधारल्याचेही अभ्यास आहेत. हे सर्व प्रयोग देखरेखीखाली व ठरावीक मात्रेने झाले होते, हे मात्र विसरता कामा नये.

ऋतूचा विचार

येथे आपल्या शास्त्राचे योगदान मोलाचे आहे. वाग्भटाचार्य अर्धशक्ती व्यायाम शीतकाली व वसंतात सांगतात. इतर काळी तो मंदच असावा, असा त्यांचा अभिप्राय आहे. वर्षा ऋतूत तर चरकाचार्यांनी व्यायाम वर्ज्यांत गणला आहे. आता आपले सण पाहा. मंगळागौर श्रावणात येते, जेव्हा अग्नी मंद आणि वायू प्रकुपित असतो. नवरात्र शरदात येते, जेव्हा पित्त प्रकुपित असते. त्यात उपवास, साबुदाणा व शेंगदाण्याचे तळीव पदार्थ आणि रात्रीचे जागरण यांची भर. वर्षभर खुर्चीवर बसलेला मनुष्य नेमका याच काळात सलग नऊ रात्री तीन-तीन तास नाचतो.

2023 च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरबा खेळताना वा त्यानंतर हृदयविकाराने काही जणांचे, त्यांत तरुणांचेही, मृत्यू झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली आणि आयोजकांना रुग्णवाहिका व वैद्यकीय मदत सज्ज ठेवण्याच्या सूचना देण्यात आल्या. या मृत्यूंचे कारण केवळ नृत्य, असे म्हणणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु अतिव्यायाम, अतिजागरण व साहस करणारा, हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, हा ग्रंथोक्त इशारा अशा वेळी आठवल्याशिवाय राहत नाही.

म्हणून सणाला नाचू नका, असे आम्ही कोणास सांगत नाही. सणाची तयारी हेमंतात सुरू करा, असे सांगतो. हेमंत व शिशिरात सराव वाढवावा, वसंतात तो पूर्ण मात्रेस न्यावा, ग्रीष्म व वर्षेत मंद ठेवावा. हितकर गोष्ट पादांशाने, क्रमाक्रमाने अंगी बाणवावी, हा नियम चरकाचार्यांनी त्याच सातव्या अध्यायात दिला आहे. असे शरीर सणाचा ताण सहज पेलते.

चिकित्सापत्रात कसे लिहावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम करावेत. नव्या रुग्णाला आम्ही आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी 15 मिनिटांपासून आरंभ सांगतो आणि दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटे वाढवितो. आरंभी दहा मिनिटे संथ हालचाल, शेवटी हळूहळू थांबणे, त्यानंतर सुखकर अंगमर्दन. भोजनानंतर लगेच नृत्य नको. श्वास, कास, रक्तपित्त, क्षय, कृशता व भ्रम असता नकोच.

सल्ला देण्यापूर्वी चार गोष्टी अवश्य तपासाव्यात. जिना चढताना छातीत जडपणा वा अकारण धाप लागते काय? रक्तदाब किती आहे? गुडघे, घोटे व कटी यांची स्थिती कशी आहे? आणि प्रमेही रुग्णाच्या तळव्यांना स्पर्श नीट कळतो काय? आपली बहुतेक नृत्ये अनवाणी होतात. संवेदना हरपलेल्या पायाला झालेली जखम रुग्णास कळत नाही. इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सरावास जाताना जवळ साखर ठेवावी.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

सणाच्या दिवसांत वैद्याच्या आधी रुग्ण आपल्या दुकानाची पायरी चढतो. मुरगळलेल्या, ताज्या सुजेच्या व उष्ण सांध्यावर जोराने तेल चोळू नये, एवढे एक वाक्य तेलाच्या बाटलीबरोबर अवश्य द्यावे. पाय टेकवत नसेल तर वैद्याकडे पाठवावे.

याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट. आमच्या परिचयातील एका दुकानदार मित्राकडे नवरात्रातील एका रात्री चाळिशीचे एक गृहस्थ हिंग्वाष्टक चूर्ण मागावयास आले. ‘गॅस झालाय, छाती भरल्यासारखी वाटते,’ एवढेच त्यांचे म्हणणे. मित्राने चूर्ण काढण्यापूर्वी त्यांच्या कपाळावरचा गार घाम पाहिला, डावा हात दुखतो काय ते विचारले, दुकानाचे दार ओढून घेतले आणि त्यांना स्वतः रुग्णालयात नेले. तो हृदयविकाराचाच झटका होता. ते गृहस्थ आज ठणठणीत आहेत आणि आता वर्षभर, वैद्याच्या सल्ल्याने, संथ लयीत का होईना, पण नाचतात.

त्या रात्री चूर्णाची विक्री झाली नाही. पण औषध देण्याआधी माणूस पाहावा, हा आपल्या शास्त्राचा पहिला पाठ एका दुकानदाराने आम्हां वैद्यांना पुन्हा शिकविला. नृत्याचा सल्ला देतानाही तोच पाठ उपयोगी पडतो. पुढील वेळी चिकित्सापत्रावर ‘व्यायाम’ हा शब्द लिहिताना त्यापुढे प्रकार, मात्रा व काल या तीन गोष्टी लिहाव्यात, एवढीच आमची सर्व बंधु-भगिनींना नम्र विनंती.