यकृत-विद्रधीचे मूळ स्थान

यकृतात जीवाणुजन्य विद्रधी झाल्यास पू काढून टाकणे व योग्य प्रतिजैविक देणे ही चिकित्सेची पहिली पायरी होय. तथापि यकृतातील हा संसर्ग बहुधा अन्य स्थानाहून आलेला असतो. ते स्थान न शोधल्यास ज्वर उतरूनही मूळ व्याधी तशीच राहते.

यकृतात शिरण्याचे जीवाणूंचे मार्ग मोजकेच आहेत : आतड्यांकडून रक्त आणणारी प्रवेशिका नीला, सार्वदेहिक रक्त आणणारी यकृत-रोहिणी, तुंबलेली पित्तनलिका आणि शेजारच्या अवयवातून किंवा जखमेतून होणारा थेट प्रवेश. ऑक्सनर, डीबेकी व मरे यांच्या १९३८ मधील अमेरिकन अभ्यासाच्या काळी आंत्रपुच्छाचा दाह हे प्रमुख कारण होते. पुढे वेळीच होणाऱ्या शस्त्रक्रिया व प्रतिजैविके यांमुळे ते मागे पडले आणि पित्तमार्गाच्या विकारांना अग्रस्थान मिळाले.

भारतात प्रथम अमीबाजन्य विद्रधी वेगळी ओळखावी लागते. ती जीवाणुजन्य आहे असे ठरल्यावर पुवात किंवा रक्तात सापडलेला जीवाणू शोधाची दिशा सुचवितो. म्हणूनच, रुग्णाची अवस्था अनुमती देत असल्यास, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त संवर्धनासाठी घेणे इष्ट असते. स्ट्रेप्टोकॉकस अँजिनोसस गटातील जीवाणू किंवा फ्युजोबॅक्टेरियम आढळल्यास दात, हिरड्या व बृहदांत्र यांची तपासणी करावयास हवी. या जीवाणूंचा नित्य वास मुखात व पचनमार्गात असतो. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस मिळाल्यास बृहदांत्रातील अर्बुद व हृदयाच्या झडपांचा संसर्ग या दोहोंचा विचार अपरिहार्य ठरतो.

क्लेब्सिएला न्यूमोनिए या जीवाणूचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १९८० च्या दशकापासून तैवानमध्ये पित्तमार्गाचा कोणताही विकार नसलेल्या, पुष्कळदा मधुमेही, रुग्णांत या जीवाणूची विद्रधी आढळू लागली. मधुमेहाने प्रतिकारशक्ती क्षीण होते हे खरे. परंतु त्यामुळे जीवाणूंच्या प्रवेशद्वाराचा उलगडा होत नाही. पुढील तैवानी अभ्यासांत अशा रुग्णांमध्ये बृहदांत्र व गुदाशय यांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. मधुमेह सापडताच शोध थांबविल्यास हा कर्करोग दृष्टीआड राहण्याचा धोका असतो.

यकृताच्या डाव्या खंडातील एकाकी, पुनःपुन्हा उद्भवणारी विद्रधी निराळी शंका सुचविते. गिळला गेलेला माशाचा काटा जठर किंवा ग्रहणी भेदून यकृतात शिरू शकतो. रुग्णाला तो गिळल्याचे स्मरण बहुधा नसते, सी. टी. चित्रात मात्र एखादी बारीक, दाट रेषा दिसू शकते. तो काढल्यावाचून विद्रधी सहसा पूर्णपणे बरी होत नाही.

सर्व तपासण्यांनंतरही काही विद्रधी ‘अज्ञातमूल’ राहतात. परंतु ही संज्ञा वापरण्यापूर्वी पित्तमार्ग, बृहदांत्र, मुख व हृदय यांची यथायोग्य तपासणी झालेली असणे आवश्यक आहे.