ताट बदला, माणूस नव्हे!

हैदराबादच्या सुलतान बाजार परिसरात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून नांदत आहेत. इतर मराठी घरांप्रमाणे तेथेही जेवणाचा शेवट दहीभाताने करण्याची रीत आहे. पांढरा भात, पांढरे दही आणि चकाकणारे स्टीलचे ताट. स्मृतिभ्रंश झालेली आजी त्या ताटापुढे नुसतीच बसून राहिली, की ती हट्ट करते आहे, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ताटातील पदार्थ वेगळा ओळखण्याची तिच्या मेंदूची क्षमताच क्षीण झालेली असू शकते.

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजेच जवळपास ८८ लाख ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने मांडला. यातील बहुतेकांची शुश्रूषा घरातच होते. त्यामुळे ‘आज जेवण गेले का?’ हा प्रश्न त्या घरांत रोजचाच असतो.

यावरचा एक उपाय अगदी साधा आहे. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल भांड्यांत जेवण दिले गेले. तेव्हा त्यांचे खाणे सरासरी २५ टक्क्यांनी, तर द्रवपदार्थांचे सेवन ८४ टक्क्यांनी वाढले. भातासाठी गडद, एकरंगी, नक्षी नसलेले ताट निवडावे. एका वेळी एक-दोनच पदार्थ वाढावेत. दूरचित्रवाणी बंद ठेवावी.

चमचा धरणे जमेनासे झाल्यास मऊ इडली, धिरडे वा थालीपिठाचे लहान तुकडे हातात द्यावेत. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. हैदराबादमधीलच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५० किलो वजनासाठी सुमारे ४२ ग्रॅम. चहा-बिस्किटांवर ही गरज भागत नाही. वरण, दही, अंडी, मासे यांची जोड हवी. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा.

आजार वाढतो तसे गिळणेही अवघड होते. जेवताना रुग्णाला ताठ बसवावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. वारंवार ठसका लागणे, घास तोंडात साठून राहणे किंवा आवाज घोगरा होणे ही धोक्याची चिन्हे होत. अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. दर महिन्याला वजन नोंदवावे. एका महिन्यात पाच टक्के घट झाल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे. नकळत सैल झालेली कवळी किंवा तोंडातील जखम हेही अन्न नाकारण्याचे कारण असू शकते. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

शक्य तेव्हा घरातील कुणीतरी आजीसमोर बसून तिच्यासोबतच जेवावे. समोरचा घास उचलतो ते पाहून तिचाही हात ताटाकडे जातो. ‘जेव’ हा शब्द विसरला, तरी ती कृती अनेकदा आठवणीत राहिलेली असते.