शनिवार-रविवारचा डायनो : अश्वशक्ती मोजण्याचं विज्ञान आणि त्याचा हिशोब

गेल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर एका मित्राने मला बाजूला घेतलं. आठवडाभर सॉफ्टवेअरची नोकरी, पण जीव सगळा गाड्यांत. म्हणाला, "अरे, एक जुना डायनो विकायला आहे. औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने घेतो आणि शनिवार-रविवार इंजिन ट्यूनिंगचं दुकान काढतो. तुला काय वाटतं?" त्या वेळी दिलेलं उत्तर अर्धवट होतं. हे सविस्तर उत्तर त्याच्यासाठी, आणि अमेरिकेत राहून असाच विचार करणाऱ्या इतरांसाठीही.

डायनो नेमकं काय मोजतो?

महाराष्ट्रात मेकॅनिकल शिकलेल्या अनेकांना कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं एक सिलिंडरचं किर्लोस्कर डिझेल इंजिन आठवत असेल. चाकाभोवती दोर, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. दोराच्या घर्षणाने इंजिनाला रोखायचं आणि त्यासाठी किती बल लागलं ते वाचायचं. 'ब्रेक हॉर्सपॉवर'मधला 'ब्रेक' तो हाच. ही कल्पना फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने 1821 च्या सुमारास वापरात आणली.

गाडीचा डायनो याच कुळातला. फरक एवढाच, की इंजिन बाहेर न काढता गाडीची चाकंच रुळावर ठेवून फिरवतात. त्याचे मुख्य प्रकार दोन.

पहिला जडत्वाचा. यात एक जड रूळ असतो आणि त्याचं जडत्व आधीच माहीत असतं. समजा, तो पृष्ठभागापाशी 1000 किलो वजनासारखा वागतो. गाडीने त्याचा वेग 0.2 सेकंदात 29.5 वरून 30.5 मीटर प्रतिसेकंद नेला, तर त्वरण 5 आणि बल 5000 न्यूटन. त्याला सरासरी वेगाने, म्हणजे 30 ने, गुणलं की 150 किलोवॉट, म्हणजे साधारण 201 अश्वशक्ती. न्यूटनचा दुसरा नियम आणि एक चांगलं घड्याळ, बाकी काही नाही.

दुसऱ्या प्रकारात रुळाला एडी करंट ब्रेक जोडलेला असतो. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या धातूच्या चकतीत प्रवाह निर्माण होतात आणि तेच तिला रोखतात. चुंबकाचा प्रवाह कमीजास्त करून गाडी 3000 फेऱ्यांवर, हव्या त्या भाराखाली, हवा तितका वेळ धरून ठेवता येते.

धंद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. नुसत्या जडत्वाच्या डायनोवर गाडी फक्त वेग घेत राहते. पूर्ण थ्रॉटलचा आलेख उत्तम मिळतो, पण रोजच्या चालवण्यातला अर्धा भार स्थिर धरून तपासता येत नाही. मित्राला स्वस्तात मिळणारा डायनो नेमका याच प्रकारचा होता. आकडे छापायला पुरेसा, नीट ट्यूनिंग करायला तोकडा.

एकच गाडी, दोन आकडे

इंजिनाची ताकद त्यात शिरणाऱ्या हवेवर ठरते. डेन्व्हर सुमारे 1600 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण सतरा टक्के कमी, म्हणून टर्बो नसलेलं इंजिन जवळपास तेवढंच मागे पडतं. त्यासाठी दुरुस्तीचा गुणक लावतात. एसएई जे1349 हे मानक 25 अंश सेल्सियस आणि 99 किलोपास्कल कोरडी हवा गृहीत धरतं. काही दुकानं जुनं, थंड हवेचं मानक वापरतात आणि त्याने तीच गाडी सुमारे चार टक्के जास्त दाखवते. टर्बो गाडीत तर टर्बो उंचीवरची उणीव बरीचशी स्वतःच भरून काढतो. वर पूर्ण गुणक लावला, की कागदावर फुकटची अश्वशक्ती उगवते.

शिवाय कंपनीचा आकडा इंजिनाच्या शाफ्टवरचा असतो आणि डायनोचा चाकांवरचा. मधला फरक गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर खातात. "300 ची गाडी घेतली, तुमचं मशीन 255 दाखवतं" अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात येणार. गुणक वाढवून गिऱ्हाईक खूश करायचा मोह तिथेच होतो. तो टाळावा, कारण आपला माल फरक मोजण्याचा आहे. त्याच रुळावर, त्याच दिवशी, तोच गुणक लावून आधी आणि नंतर किती, हेच खरं उत्तर.

आलेख तपासायची एक सोपी खूण: टॉर्क पाउंड-फूटमध्ये आणि ताकद अश्वशक्तीत एकाच मापपट्टीवर काढली, तर दोन्ही रेषा 5252 फेऱ्यांवर छेदल्याच पाहिजेत. नाही छेदल्या, तर काहीतरी चुकलं आहे.

ट्यूनिंग म्हणजे काय?

ईसीयूमध्ये फेऱ्या आणि भार यांचे तक्ते असतात. प्रत्येक चौकटीत इंधन किती आणि ठिणगी केव्हा हे लिहिलेलं असतं. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला एका भागास 14.7 भाग हवा लागते. पूर्ण भारावर मात्र टर्बो नसलेलं इंजिन 12.5 ते 13 च्या आसपास जास्त ताकद देतं आणि थंडही राहतं. ठिणगी थोडी थोडी आधी आणत गेलं की टॉर्क वाढतो, मग वाढ थांबते. त्यापुढे, किंवा कधी त्याआधीच, नॉकिंग सुरू होतं: उरलेलं मिश्रण वेळेआधी, धक्क्यासारखं पेटतं. जोरदार नॉकिंगने पिस्टन फुटायला फार वेळ लागत नाही, आणि ते इंजिन गिऱ्हाइकाचं असतं. म्हणून चढवण्याआधी ऑइल, कूलंट, टायर आणि कॉम्प्रेशन तपासून लिहून ठेवायचं. ज्या गाडीत आधीच दोष आहे ती परत पाठवायची.

हिशोब

हे आकडे फक्त उदाहरणादाखल. डायनो आणि बसवणूक मिळून 60,000 डॉलर्स. पाच वर्षांत फेडायचे तर व्याज सोडून महिना 1000. भाडं 2500, विमा 500, वीज आणि किरकोळ 500. एकूण 4500. एका ट्यूनिंगचे 500 घेतले, तर महिन्याला नऊ गाड्या फक्त बरोबरीला. एका गाडीला चार तास, म्हणजे दिवसाला दोन. महिन्यात आठ-नऊ सुट्टीचे दिवस. थोडक्यात, निम्मे शनिवार-रविवार गेल्यावर पहिला डॉलर खिशात. मुलांच्या मराठी शाळेचा रविवारही त्यातच.

तीन गोष्टी आधी विचारा

पहिली, व्हिसा. एच-1बी वर स्वतःच्या दुकानात काम करणं परवानगीशिवाय काम ठरू शकतं, पगार घेतला नाही तरी. आधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

दुसरी, कायदा. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टनुसार प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा काढणं किंवा सॉफ्टवेअरने बंद करणं बेकायदा आहे. पर्यावरण संस्थेच्या 2020 च्या अहवालानुसार आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ती काढली गेली. अशी गिऱ्हाइकं रोख पैसे घेऊन येतील. त्यांना नाही म्हणून दुकान चालत नसेल, तर ते काढूच नये.

तिसरी, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो. बंद गाळ्यात पूर्ण भारावर इंजिन चालवताना नुसता पंखा पुरत नाही. धूर नळीतून थेट बाहेर काढणारी यंत्रणा आणि भिंतीवर इशारा देणारं यंत्र, दोन्ही हवीत. गाडी बांधणारे पट्टे दर वेळी तपासायचे, आणि रुळाच्या पुढे-मागे कोणीही उभं राहायचं नाही.

मग मित्राने काय केलं?

सुदैवाने त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं, पण डायनो त्याने घेतला नाही. बरीच दुकानं आपला डायनो तासावर भाड्याने देतात. त्याने ईसीयूचं सॉफ्टवेअर, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि नॉकिंग ऐकायचा हेडफोन घेतला, विमा काढला आणि महिन्यातले दोन शनिवार एका दुकानात जागा भाड्याने घेऊ लागला. पहिल्या गाडीवर त्याला अकरा अश्वशक्ती जास्त मिळाली. गिऱ्हाइकाला तीसची आशा होती. मित्राने आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद त्याच्या हातात ठेवले आणि गुणक कोणता वापरला तेही लिहून दिलं. पुढच्या महिन्यात तोच माणूस भावाची गाडी घेऊन आला.