समुपदेशकाच्या खोलीतील गुपित

मुलाला समुपदेशकाकडे नेल्यावर पालकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : ‘आत तो काय बोलला?’ मूल आमचे, फी आमची, मग समुपदेशक सारे का सांगत नाहीत, अशी तक्रार आमच्या कानी अनेकदा येते. ह्या मौनामागील नीती समजून घेणे अगत्याचे आहे.

मूल बोलते ते विश्वासावर. आपला प्रत्येक शब्द घरी पोहोचणार, हे कळले की ते गप्प होते आणि उपचार खुंटतो. दुसरीकडे, पालकांना अंधारात ठेवून मुलाचे संगोपन होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार अल्पवयीनाचा कायदेशीर पालक हा त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी मानला जातो व कर्तव्य पार पाडण्यासाठी लागणारी माहिती त्याला देता येते. आवश्यक तेवढी माहिती, प्रत्येक शब्द नव्हे. ही गुप्तता प्रायश्चित्त संस्कारासारखी अभंग नसते. म्हणून तिच्या मर्यादा पहिल्याच भेटीत मूल व पालक दोघांनाही सांगितल्या जाव्यात.

समजा, तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘मी ब्लेडने हात कापून घेते, आईला सांगू नका.’ जिवाला धोका किती? मनात मरणाचा विचार आहे काय? सांगितल्याने ती सुरक्षित होईल, की घरी मार खाईल? हे सारे समुपदेशिकेला तोलावे लागते. धोका गंभीर असेल, तर पालकांना सांगणे हेच कर्तव्य होय. मात्र ते मुलीच्या पाठीमागे नव्हे. ‘हे मला सांगावे लागेल. कसे सांगायचे, ते आपण दोघी ठरवू,’ असे म्हणून तिला आधी विश्वासात घ्यावे. मुलाचे मत ऐकले जावे, हा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या १२ व्या कलमात आहे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला.

एका बाबतीत मात्र निवडीस वाव नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमान्वये पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, मग संशयित घरातलाच का असेना.

पालकांना आमची एवढीच विनंती, की परतताना वाटेत मुलाची उलटतपासणी करू नये. समुपदेशकाला विचारावे, ‘आम्ही घरी कसे वागावे?’ मुलाचे गुपित न उघडताही ह्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते.