मित्रकीटक व कीटकनाशके

मित्रकीटक व कीटकनाशके : पिकांवरील किडींवर जगून त्यांची संख्या मर्यादित ठेवणाऱ्या कीटकांना ‘मित्रकीटक’ म्हणतात. ढालकिडे व क्रायसोपाच्या अळ्या मावा खातात. ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालते. व्यापक प्रभावाची कीटकनाशके किडींबरोबर मित्रकीटकांनाही मारतात. भक्ष्याच्या शोधात सतत फिरत असल्यामुळे पानांवरील विषाशी त्यांचा संपर्क अधिक येतो आणि जे वाचतात त्यांना भक्ष्य अपुरे पडते. याउलट वाचलेल्या किडीस अन्न विपुल असते व शत्रू उरत नाहीत. परिणामी फवारणीनंतर ती पूर्वीपेक्षाही अधिक वाढू शकते. यास किडीचा पुनरुद्रेक म्हणतात.

कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळबागांतील कापशी खवलेकीड १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनी आटोक्यात आली होती. १९४५ नंतर तेथे डीडीटीची फवारणी होऊ लागताच ढालकिडे नष्ट झाले व कीड पुन्हा बळावली. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या बाबतीतही असेच घडले. त्यांची अंडी पर्णावरकाच्या आत असल्याने बहुधा वाचत. ती खाणारे परभक्षी ढेकूण आणि तुडतुडे खाणारे कोळी मात्र मरत. अखेर १९८६ मध्ये तेथील शासनाने भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घालून एकात्मिक कीड नियंत्रणाचा अवलंब केला. या पद्धतीत फवारणीपूर्वी किडीबरोबरच तिच्या शत्रूंचीही संख्या पाहिली जाते. ती पुरेशी असल्यास फवारणी टाळतात.