आधी कोणाचा फोन? (लेखांक ६)

वीज, रेल्वे आणि तेलवाहिन्या चालवणाऱ्या संस्था स्वतःची टेलिफोन यंत्रणा का बाळगतात, ते गेल्या आठवड्यात पाहिले. यंत्रणा स्वतःची, वापरणारे मोजके; मग तिथे फोन एंगेज लागायचे कारणच काय, अशी शंका त्यावर येते. तिचे उत्तर डॅनिश गणिती आग्नेर एर्लांग यांनी १९१७ साली मांडलेल्या सूत्रात आहे. एखाद्या जोडणीत ३० वाहिन्या आहेत आणि सरासरी २२ संभाषणांइतकी मागणी आहे असे धरा. शंभरातले दोनच कॉल परत फिरतील. मागणी दुप्पट झाली, की तीनातला एक फिरतो. मागणी तेवढीच राहून निम्म्या वाहिन्या बंद पडल्या, तरी जवळपास तेच. दोन्ही एकदम झाले, तर तीनातले दोन. संकटात नेमके दोन्ही एकदमच होते. वादळात मनोरा आडवा होतो, त्याच्याबरोबर काही वाहिन्या जातात, आणि त्याच मिनिटाला प्रत्येक उपकेंद्राला कोणाशी तरी बोलायचे असते. म्हणून ‘वाहिन्या वाढवा’ हा सल्ला खर्चिक आहेच, शिवाय अपुराही आहे. ज्या घटनेसाठी त्या वाढवायच्या, तीच त्या गिळून टाकते. मग जे उरते त्यात आधी कोण, हे ठरवावेच लागते.

आपल्याकडची जुनी रीत पैशाची होती. ट्रंक कॉल नोंदवताना ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ की ‘लाइटनिंग’ हे सांगायचे आणि घाई असेल तसे दाम मोजायचे. अमेरिकी सैन्यदलांनी १९६०च्या दशकात ‘ऑटोव्हॉन’ हे स्वतःचे जाळे उभारले, तेव्हा क्रम अधिकाराला बांधला. त्या फोनवर नेहमीच्या बारा बटणांशेजारी आणखी एक उभी ओळ असे : फ्लॅश ओव्हरराइड, फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी. यातले काहीच न दाबता नंबर लावला, तर तो कॉल रुटीन. कोणत्या फोनवरून कुठवरचा दर्जा वापरता येईल हे आधीच ठरलेले असे. सर्वांत वरचे बटण राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि मोजक्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांसाठी होते. एक्स्चेंज आधी मोकळी वाहिनी शोधी. ती नसेल तरच चालू संभाषणांपैकी खालच्या दर्जाचे एक तोडून जागा करी, आणि तुटणाऱ्या दोघांच्या कानात इशाऱ्याचा सूर वाजे. समान दर्जाचा कॉल समान दर्जाच्या कॉलला हटवू शकत नसे. फ्लॅश कॉल पलीकडे कोणी उचललाच नाही, तर तो आपोआप ऑपरेटरकडे वळे. हे शेवटचे कलम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. रिकाम्या खुर्चीपुढे वाजणाऱ्या फोनला वाहिनी मोकळी करून दिल्याचा उपयोग काय?

नागरी यंत्रणांनी यातून चालू संभाषण तोडण्याची तयारी उचलावी आणि अधिकाऱ्यांची उतरंड मागे ठेवावी, असे माझे म्हणणे आहे. अग्रक्रम माणसाला दिला, की तो त्याच्या प्रत्येक फोनला चिकटतो, जेवणाच्या डब्याच्या चौकशीलासुद्धा. कामाला दिला, तर काम संपले की तो सुटतो. युरोपातल्या रेल्वेंनी जीएसएम-आर यंत्रणेत हेच केले. तिथे सर्वांत वर आहे रेल्वे आणीबाणीचा कॉल. चालकाने तो लावला, की त्या टापूतल्या सगळ्या चालकांना आणि नियंत्रकाला एकदम ऐकू जातो. त्याखाली गाड्यांच्या नियंत्रणाची माहिती, मग सार्वजनिक आणीबाणीचे कॉल, मग चालक आणि नियंत्रक यांचे रोजचे बोलणे, आणि तळाशी बाकी सर्व. महाव्यवस्थापकांचा कार्यालयीन फोन या ‘बाकी सर्व’मध्ये येतो, आणि तो तिथेच शोभतो.

विजेच्या क्षेत्रात तर माणसाचा आवाजच दुय्यम ठरतो. उच्चदाब वाहिनी उपकेंद्रात शिरते तिथे पिंपासारखे एक वेटोळे टांगलेले असते, त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. वीज वाहून नेणाऱ्या तारेवरूनच संदेश पाठवण्याच्या पद्धतीचा, म्हणजे पीएलसीसीचा, तो भाग; संदेशाची उच्च वारंवारता तो उपकेंद्राच्या यंत्रांत शिरू देत नाही. त्या संदेशाला जेमतेम चार किलोहर्ट्झची पट्टी मिळते. तिच्या खालच्या भागात बोलणे आणि वरच्या भागात आकडे व संरक्षणाचे संकेत बसवतात. वीजवाहिनीवर दोष आला, की पलीकडच्या टोकाला ‘ब्रेकर उघड’ हा संकेत जातो, आणि तेवढ्या क्षणापुरते बोलणे बंद करून प्रक्षेपकाची ताकद त्या एकाच संकेताला दिली जाते. बोलणाऱ्यांना फार तर एखादे अक्षर गळाल्यासारखे वाटेल.

इथे आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. अक्षर गळणे वेगळे आणि संभाषण तुटणे वेगळे. तारेवर माणसे चढलेली असताना ‘वाहिनी बंद केली, काम सुरू करा’ असे काही चालले असेल आणि मध्येच फोन तुटला, तर? या भीतीचा बंदोबस्त टेलिफोनबाहेर केलेला आहे. वीजजाळ्याचे नियंत्रण करणारे भार प्रेषण केंद्र आणि उपकेंद्र यांच्यात प्रत्येक कारवाईसाठी कोड घेतला-दिला जातो आणि दोन्हीकडच्या वह्यांत वेळेसह लिहिला जातो. कोड मिळण्याआधी फोन तुटला, तर कारवाई झालेलीच नसते. पुन्हा फोन लावायचा. अर्धवट आदेशावर कोणी हात चालवत असेल, तर तिथे अग्रक्रम नसतानाही अपघात होणारच.

दुसरा आक्षेप नव्या पिढीच्या अभियंत्यांचा. आता सारे आयपीवर, म्हणजे इंटरनेट पद्धतीच्या पॅकेटजाळ्यावर आले, फायबर आले, वाहिन्या मोजायचे दिवस गेले. फायबरच्या रस्त्यावर ते बव्हंशी खरे आहे. पण फायबर तुटल्यावर पर्याय म्हणून ठेवलेला दुवा बहुधा अरुंद असतो. नेहमीच्या पद्धतीने गुंफलेला एक कॉल पॅकेटच्या वेष्टनासह सेकंदाला ८०-९० किलोबिट खातो, म्हणजे २ मेगाबिटच्या दुव्यावर वीस-बावीस कॉल बसतात. जुन्या एक्स्चेंजमध्ये जास्तीच्या कॉलला एंगेज टोन मिळे आणि आधीचे सुखरूप राहत. आयपीवर कोणी अडवले नाही, तर तो जास्तीचा कॉल आत शिरतो आणि सगळ्यांचेच आवाज फाटू लागतात. आवाजाच्या पॅकेटना नुसता वरचा शिक्का मारून भागत नाही, कारण तिथे साऱ्या पॅकेटवर तोच शिक्का असतो. दारातच मोजून आत घेणे, आणि वरच्या दर्जाचा आला तर खालच्याला बाहेर काढणे, हे करावेच लागते. म्हणून तर इंटरनेट टेलिफोनीच्या मानकांत २००६ साली कॉलचा दर्जा सांगणारी स्वतंत्र ओळ घालण्यात आली, आणि तिच्यात ऑटोव्हॉनचे ते पाच दर्जे जसेच्या तसे आहेत.

मात्र अग्रक्रमाकडून फार अपेक्षाही करू नये. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाच्या उत्तरेकडचे आणि नंतर पूर्वेकडचेही वीजजाळे कोसळले. चौकशी समितीने जी कारणे दिली, त्यांत बीना-ग्वाल्हेर वाहिनीवरचा बोजा होता, तिच्या संरक्षण यंत्रणेची चुकीची क्रिया होती, आणि आणखी एक होते : प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांच्या निर्देशांना राज्यांच्या केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही. उत्तरेतली राज्ये वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती, आणि पश्चिम विभागात, म्हणजे मुंबईत अंधेरीला असलेल्या प्रादेशिक केंद्राच्या अखत्यारीत, जास्तीची निर्मिती पुरेशी कमी होत नव्हती. निर्देश निघाले होते; फ्लॅश ओव्हरराइडचे बटण असते, तरी निर्देश याहून पुढे गेले नसते. त्यापुढची सोय टेलिफोनच्या मानकांत नाही, २००३च्या वीज कायद्यात आहे. कलम २९ सांगते, की प्रादेशिक केंद्राच्या निर्देशाबद्दल वाद असेल तर केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे जा, पण निकाल लागेपर्यंत निर्देश पाळा. न पाळल्यास दंड आहे, जास्तीत जास्त १५ लाख रुपये.