भगवान पालव आणि पिटातली दाद

हिंदी चित्रपटातील ज्या नटांच्या योग्यतेविषयी दोन टोकांची मते आजतागायत टिकून आहेत, त्यांत भगवान आभाजी पालव, म्हणजे रसिकांचे भगवानदादा, यांचे नाव बरेच वर लागते. त्यांना हिंदी पडद्यावरचा पहिला खराखुरा नाचणारा नायक मानणारे आणि अमिताभ बच्चन यांच्यापासून गोविंदापर्यंत अनेकांच्या नाचाचे मूळ त्यांच्यात शोधणारे चाहते एका बाजूला आहेत. तर मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांत वाढलेला, चेहऱ्यावर दोन-तीनच भाव बाळगणारा आणि एका चित्रपटाच्या संगीतावर तरून गेलेला नट, एवढीच त्यांची किंमत करणारे जाणकार दुसऱ्या बाजूला आहेत. हा वाद वऱ्हाडच्या वाचकाला थोडा जवळचा वाटावा, कारण भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाल्याची नोंद आहे. अर्थात या नात्याचा फार बडेजाव करण्यात अर्थ नाही. पालव हे आडनाव तळकोकणातले, वडील कापड गिरणीतले कामगार आणि मुलाची सारी घडण मुंबईच्या परळ-दादर भागात, गिरणगावाच्या गजबजाटात झालेली, तेव्हा अमरावतीच्या वाट्याला जन्मगावापलीकडे फारसे श्रेय येत नाही.

तरीही ज्या प्रेक्षकाने भगवान यांना मोठे केले, तो प्रेक्षक वऱ्हाडातही भरपूर होता आणि त्याला समजून घेतल्याशिवाय हा वाद उलगडत नाही. पूर्वीच्या चित्रपटगृहात पडद्याच्या अगदी पुढ्यात जी सर्वांत स्वस्त जागा असे तिला पिट म्हणत, आणि तिथे बसणारा, शिट्ट्या मारणारा, आवडले नाही तर तिथल्या तिथे हुर्यो उडवणारा कष्टकरी तो पिटातला प्रेक्षक. त्याच्यासाठी निघणाऱ्या चित्रपटांना स्टंटपट हे नाव पडले: उड्या, तलवारबाजी, घोडदौड, गुंडांशी झटापट, मध्ये थोडा विनोद आणि शेवटी दुष्टाचे पारिपत्य, असा त्यांचा ठरलेला मामला असे. मूकपटांच्या काळात मास्टर विठ्ठल यांनी आणि १९३५ च्या ‘हंटरवाली’नंतर नादिया या स्टंट-नायिकेने हा प्रकार लोकप्रिय केला होता. अकोला, बडनेरा, अचलपूर ही गिरण्यांची आणि कापसाच्या बाजाराची गावे, हंगामात हातात पैसा खुळखुळणारा शेतकरी, आणि बहिरमसारख्या यात्रांत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीज, म्हणजे गावोगाव फिरती चित्रपटगृहे, यांमुळे असल्या चित्रपटांना या भागात गिऱ्हाईक कधी कमी पडले नाही. चित्रपटांच्या वितरणाचे देशभर जे विभाग पाडले आहेत त्यांतल्या एकाला व्यापारी आजही ‘सी. पी. बेरार’ म्हणतात, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे सरकारी नाव इतिहासजमा झाले, पण चित्रपटधंद्यात ते शाबूत आहे. अमरावतीतला चित्रा चौक काय किंवा सरोज चौक काय, चित्रपटगृहांचीच नावे वागवतात.

मजुरी करता करता चित्रपटाचे वेड लागलेल्या भगवान यांचा पडद्यावर शिरकाव झाला तो ‘क्रिमिनल’ या मूकपटातून, आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासह त्यांनी ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला. तेथून १९४९ पर्यंत त्यांनी एकामागून एक स्टंटपट काढले. सुमारे ६५ हजार रुपयांत आख्खा चित्रपट उभा करायचा, कपडे स्वतः ठरवायचे, नटांच्या जेवणाची व्यवस्थाही स्वतःच पाहायची, अशी ती कामाची रीत होती. १९४१ मध्ये त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट केला, १९४२ मध्ये जागृती पिक्चर्स ही संस्था काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. गिरणी कामगाराच्या मुलाने मिळवलेले हे यश कोणत्याही मापाने लहान नव्हे. मात्र त्या काळच्या सुशिक्षित मराठी प्रेक्षकाचे कौतुक प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांसाठी राखून ठेवलेले होते, आणि पिटाला आवडणारी गोष्ट अभिरुचीला उणी असणारच, हा ग्रह इतका पक्का होता की या दहा-अकरा वर्षांच्या कामाकडे समीक्षेने धड पाहिलेही नाही. भगवान यांच्याविषयीच्या प्रतिकूल मताचा निम्मा भाग हा नटाविषयीचा नसून त्याच्या प्रेक्षकाविषयीचा आहे.

उरलेला निम्मा भाग मात्र सहज झटकून टाकता येत नाही. त्यांच्या भूमिका बहुतेक एकाच साच्यातल्या असत: भोळा, गबाळा, मनाने चांगला आणि दर वेळी फसणारा माणूस. त्याच्या दुःखाला खोली देण्याची वेळ आली की भगवान डोळे मोठे करत, आवाज चढवत आणि प्रसंग कसाबसा निभावून नेत. शरीराच्या जोरावर चालणाऱ्या कलेत संयमाला किती महत्त्व असते, याचा एक कटू दाखलाही त्यांच्या नावावर आहे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात त्यांनी ललिता पवार यांना थोबाडीत मारण्याचा प्रसंग होता, आणि ती थप्पड इतक्या जोरात बसली की ललिताबाईंचा चेहरा लुळा पडला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि त्यांना वर्षानुवर्षे उपचार घ्यावे लागले. नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तिथेच संपली. पुढे त्यांनी खाष्ट सासूच्या भूमिकांतून जे नाव मिळवले ते त्यांच्या जिद्दीचे फळ होय, त्या थप्पडीचा उपकार नव्हे, जरी गमतीने तसे बोलण्याची वाईट खोड अनेकांना असली तरी.

या साऱ्यावर कडी करणारा चित्रपट म्हणजे १९५१ चा ‘अलबेला’. स्टंटपट पुरे झाले, आता एखादा सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूर यांनी दिला आणि भगवान यांनी निर्माता, दिग्दर्शक व नायक अशा तिन्ही बाजू सांभाळून तो पुरा केला. प्यारेलाल हा गरीब घरातला, नाटकात नाव काढण्याची स्वप्ने पाहणारा तरुण. घरातून बाहेर पडावे लागते, आशा नावाच्या अभिनेत्रीची गाठ पडते, नाव होते, पण घरी धाडलेला पैसा घरी पोचतच नाही, अशी ती कथा. चित्रपट अफाट चालला आणि वादाला खरे तोंड फुटले ते इथेच, कारण यशाचे श्रेय कोणाचे, या प्रश्नावर एकमत होणे कठीण होते.

संगीत सी. रामचंद्र यांचे होते आणि नायकाचा आवाजही त्यांनीच, चितळकर या नावाने, दिला होता. या दोघांची जोडी एका रात्रीत जमलेली नव्हती. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून, किंबहुना तमिळ ‘वनमोहिनी’पासून, ते एकत्र काम करत होते. रामचंद्रांचा विदर्भाशी धागा जुळतो तो नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी घेतलेल्या गाण्याच्या शिक्षणामुळे. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडे हे तिथले त्यांचे गुरुबंधू. शास्त्रोक्त शिक्षणाचा पाया आणि गोव्याच्या वादकांनी आणलेला सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बोंगो यांचा ठेका, हे मिश्रण ‘अलबेला’त पुरेपूर उतरले. शिवाय समोर गीता बाली होत्या, ज्यांच्या डोळ्यांतला खट्याळपणा अख्खे दृश्य हलवून सोडी. तेव्हा संगीत रामचंद्रांचे, आवाज रामचंद्रांचा, चैतन्य गीताबालींचे, मग भगवान यांचे काय उरले, हा प्रश्न टीकाकार विचारतात तो अगदीच अनाठायी नाही.

त्याचे उत्तर नाचात आहे आणि ते बारकाईने पाहिल्याशिवाय मिळत नाही. ठेंगणा, गोल, पोट सुटलेला हा माणूस पडद्यावर येतो तेव्हा नायकाचे कोणतेही लक्षण त्याच्यात नसते. दोन्ही हात कोपरांत वाकलेले, मनगटे सैल, गुडघे किंचित दुमडलेले, खांदे तालाबरोबर वर-खाली होणारे, पावले अगदी छोटी, जवळजवळ जागच्या जागी. आणि हे सारे ठेक्याच्या रेसभर मागे, जणू ताल आधी अंगात मुरतो आहे आणि मग बाहेर पडतो आहे. ‘शोला जो भडके’ या गाण्यात गीता बाली चपळाईने गिरकी घेतात तेव्हा भगवान घाई करत नाहीत. ते कमरेत हलका झोल देऊन तिथेच थांबतात आणि बघणाऱ्याची नजर आपोआप त्यांच्याकडे वळते. त्या काळी चित्रपटातला नाच म्हणजे एक तर कथकादी शास्त्रीय शैलींची पदरचना किंवा नर्तिकेचे काम, आणि पुरुष नायक झाडाला टेकून गाणे म्हणायला मोकळा. नायकाने, तेही कोणत्याही तालमीत न शिकलेल्या वाटणाऱ्या अंगाने, निव्वळ मजेखातर नाचावे, ही गोष्ट भगवान यांनी रुळवली. वऱ्हाडात वरातीपुढे संदल, म्हणजे ढोल-ताशांचा ताफा, वाजू लागला की ज्याला नाचता येत नाही तोही जे नाचतो, त्याला पडद्यावर मान मिळाला तो या माणसामुळे. अमिताभ बच्चन यांच्या नाचातला आखडता हात आणि झुलता खांदा कोठून आला, हे ‘अलबेला’ पाहिलेल्यास सांगावे लागत नाही.

अशा वादांत पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीतले एक उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचे गुराखी, बंदुका आणि घोडे यांच्या कथा सांगणाऱ्या चित्रपटांना वेस्टर्न म्हणतात. त्यांचा सर्वांत मोठा नायक जॉन वेन याने १९३० च्या दशकाचा बराचसा काळ असल्याच स्वस्त चित्रपटांत काढला आणि १९३९ च्या ‘स्टेजकोच’ने त्याला प्रतिष्ठा दिली. तो अभिनय करतो की नुसता स्वतःसारखा वागतो, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही, जरी ‘द सर्चर्स’मधल्या त्याच्या कामाने अनेक टीकाकारांना गप्प केले आणि ‘ट्रू ग्रिट’साठी त्याला ऑस्कर मिळाले. साम्य उघड आहे, पण एक फरक अधिक बोलका आहे: वेनला ‘स्टेजकोच’नंतर जॉन फोर्ड आणि हॉवर्ड हॉक्स यांच्यासारखे दिग्दर्शक पुन्हा पुन्हा मिळाले, ज्यांनी त्याच्या चालण्या-थांबण्यातून भूमिका घडवल्या, भगवान यांचे दिग्दर्शक बहुधा भगवानच राहिले. ‘झमेला’ (१९५३) आणि ‘लाबेला’ (१९६६) ही नावेच सांगतात की त्यांनी मिळालेल्या यशाचा ठसा पुन्हा उमटवण्याचा प्रयत्न केला, आणि तो उमटला नाही. दुसऱ्या कोणी चांगल्या दिग्दर्शकाने त्या शरीराचा उपयोग करून घेतला असता तर काय झाले असते, याची थोडी कल्पना ‘चोरी चोरी’सारख्या चित्रपटांतल्या त्यांच्या छोट्या कामांवरून येते.

पुढची कहाणी सर्वश्रुत आहे आणि तीच या मूल्यमापनातली सर्वांत मोठी अडचण आहे. जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या प्रत्येक वारी वेगळी अशा सात गाड्या, मग कर्जात सारे विकणे, दादरच्या चाळीतले दिवस, पडद्यावर गर्दीत नाचण्याची दोन-दोन मिनिटांची कामे आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी मृत्यू. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपुढे थांबत, ‘अलबेला’ची गाणी वाजत आणि दादा खाली येऊन दोन पावले नाचत, असे सांगितले जाते. ही कहाणी इतकी हळवी आहे की तिच्यापुढे कामाची चिकित्सा करणे कठोरपणाचे वाटू लागते. पूर्वी पिटाच्या तिटकाऱ्याने जे झाकले ते आता सहानुभूतीने झाकले जाते. २०१६ च्या ‘एक अलबेला’ या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी भगवानदादा आणि विद्या बालन यांनी गीता बाली रंगवल्या, त्यामुळे नव्या पिढीला नाव कळले, पण चर्चेचा रोख बंगल्या-गाड्यांकडे वळायचा तो वळलाच.

मूल्यमापन खरे व्हायचे तर ते स्टंटपटांवरून व्हायला हवे, कारण कमी पैशांत, घाईत आणि पिटाच्या तोंडावर केलेल्या त्या कामातच भगवान यांची दिग्दर्शक म्हणून ताकद किंवा मर्यादा दिसेल. अडचण अशी की त्यांतले फारच थोडे आज पाहायला मिळतात, आणि म्हणून चाहते व टीकाकार दोघेही भांडतात ते प्रामुख्याने एकाच चित्रपटावरून. त्या एका चित्रपटापुरते बोलायचे तर अभिनेता म्हणून टीकाकारांचे म्हणणे बरेचसे ग्राह्य आहे, नर्तक म्हणून चाहत्यांचे; आणि गाण्यांमधली दृश्ये ज्या सफाईने जोडली आहेत त्यावरून दिग्दर्शक भगवान यांच्याविषयी दोन्ही बाजूंनी आजवर फारच कमी बोलले गेले आहे.